मूळ नोंदी कुणाच्या हाती असाव्यात: मुख्यालयाच्या की शाखा कार्यालयाच्या?

धागाकर्ता: उपकेंद्र

वीज वितरण, रेल्वे, पाणीपुरवठा, तेलशुद्धीकरण अशा ज्या संस्थांचा बहुतेक पैसा यंत्रसामग्रीत गुंतलेला असतो, त्यांच्या कारभाराचा पाया म्हणजे मास्टर डेटा. कोणते यंत्र कुठे बसले आहे, त्याची क्षमता किती, ते कधी बसवले, त्याला कोणते सुटे भाग लागतात आणि त्याच्यावर कोणते ग्राहक अवलंबून आहेत, या त्या मूळ नोंदी. माझे मत असे की या नोंदी तयार करण्याचा व बदलण्याचा अधिकार केवळ मुख्यालयातील एका कक्षाकडे असावा आणि शाखा कार्यालयाने फक्त मागणी नोंदवावी.

गावोगावी ज्याला डीपी म्हणतात त्या वितरण रोहित्राचे उदाहरण घेऊ. त्याच्यावर रंगवलेला संकेतांक जागेचा असतो आणि नेमप्लेटवरचा अनुक्रमांक यंत्राचा असतो. रब्बीत कृषिपंपांचा भार वाढून रोहित्र जळते, त्या जागी दुसरे बसते, जागेचा संकेतांक तोच राहतो आणि यंत्र मात्र बदललेले असते. ही अदलाबदल नोंदवली गेली नाही, तर हमी कालावधीत जळालेले रोहित्र पुरवठादाराकडून फुकट दुरुस्त करून घेण्याचा हक्क सिद्ध करता येत नाही. त्याहून मोठा घोळ ग्राहकांच्या जोडणीचा आहे. एका रोहित्रावरचे 40 ग्राहक दुसऱ्यावर वळवले आणि नोंद जुनीच राहिली, तर ऊर्जा लेखापरीक्षणात पहिल्यावर दिलेल्या विजेपेक्षा विकलेली वीज जास्त दिसते आणि दुसऱ्यावर प्रचंड गळती दिसते. मग भरारी पथक नेमके भलत्या वस्तीवर जाते. केंद्राने 2021 मध्ये मंजूर केलेल्या सुधारित वितरण योजनेचा आराखडा 3,03,758 कोटी रुपयांचा आहे आणि त्यात स्मार्ट मीटर व गळती कमी करण्याची कामे आहेत. कोणता मीटर कोणत्या रोहित्रावर आहे हेच पक्के नसेल, तर त्या मीटरमधून येणाऱ्या आकड्यांचा अर्थ लावणार कसा?

प्रतिसाद: खांबावरचा

दुखणे आपण अचूक सांगितलेत, पण औषध उलटे आहे. मी शाखा पातळीवर काम केलेले आहे. रोहित्र जळते तेव्हा पिकाला पाणी द्यायचे असते, शेतकरी स्वतःचा ट्रॅक्टर घेऊन दारात उभे असतात आणि उपविभागात जे रोहित्र शिल्लक असेल ते त्या रात्री बसवावे लागते. अशा वेळी मुख्यालयाच्या मंजुरीची वाट कोणी पाहत नाही. नवा संकेतांक मिळायला पंधरवडा लागतो असे एकदा कळले, की माणसे जवळात जवळचा जुना संकेतांक वापरून मोकळी होतात किंवा सगळे काही ‘संकीर्ण’ या सदरात ढकलतात.

अनिवार्य रकान्यांचेही तसेच. बसवल्याची तारीख माहीत नसते आणि संगणक रकाना रिकामा सोडू देत नाही, म्हणून 1 जानेवारी 1900 ही तारीख भरली जाते. मुख्यालयाच्या अहवालात मग रकाने शंभर टक्के भरलेले दिसतात आणि कक्षाचे अभिनंदन होते. रिकामा रकाना निदान प्रामाणिक असतो. जो यंत्र बदलतो त्यानेच नोंद बदलावी, त्याच जागी, त्याच दिवशी, मोबाईलवरून. मुख्यालयाने फार तर नंतर तपासावी.

प्रतिसाद: भांडारपाल

मी औष्णिक वीज केंद्राच्या भांडारात काम केले आहे आणि माझा अनुभव धागाकर्त्याच्या बाजूने जातो. शेतातल्या रोहित्राचे काय ते मला ठाऊक नाही, परंतु सुट्या भागांच्या बाबतीत स्थानिक मोकळीक म्हणजे निव्वळ गोंधळ आहे. 6205 क्रमांकाचे बेअरिंग घ्या: आतला व्यास 25 मिमी, बाहेरचा 52, रुंदी 15. दोन्ही बाजूंनी पत्र्याचे आवरण असलेल्या याच बेअरिंगला एक उत्पादक ‘2झेड’ म्हणतो आणि दुसरा ‘झेडझेड’. बॉयलर विभाग एक नाव देतो, कोळसा हाताळणी विभाग दुसरे, तर पंपाचा उत्पादक स्वतःचाच भाग क्रमांक देतो. परिणामी एकच वस्तू तीन संकेतांकांखाली पडून राहते आणि एका विभागाच्या मांडणीत ती धूळ खात असताना दुसरा विभाग तातडीची खरेदी म्हणून चढ्या दराने तीच मागवतो. रेल्वेतही निरनिराळ्या विभागांत एकाच वस्तूला वेगवेगळे पीएल क्रमांक, म्हणजे भांडारातील वस्तूंचे संकेतांक, असत. ते एकसमान करण्याचे काम कोणत्याही एका डेपोकडून होणे शक्य नव्हते.

प्रतिसाद: खांबावरचा

एकत्रीकरणाची दुसरी बाजूही सांगा. त्याच 6205 ला ‘सी3’ हा प्रत्यय लागला, की गोळ्या आणि कड्या यांच्यातली मोकळी जागा वाढते. गरम होणाऱ्या मोटारीत ती मुद्दाम हवी असते. वर्णनातले साम्य पाहून कार्यालयात बसलेल्या कोणी दोन्ही संकेतांक एक केले, तर पुढच्या देखभालीत चुकीचे बेअरिंग बसेल आणि मोटार जाम होईपर्यंत कोणाला पत्ताही लागणार नाही.

प्रतिसाद: भांडारपाल

मान्य आहे, पण तो युक्तिवाद केंद्रीय कक्षाविरुद्ध नसून त्या कक्षात कारकुनाऐवजी अनुभवी फिटर किंवा देखभाल अभियंता बसवण्याच्या बाजूचा आहे. प्रत्यक्षात तिथे बहुधा कंत्राटी सल्लागाराची मुले बसवली जातात, हे दुर्दैव.

प्रतिसाद: वाहिनी

कॅलिफोर्नियातील सॅन ब्रुनोचे प्रकरण इथे विचारात घ्यायला हवे. 9 सप्टेंबर 2010 रोजी पीजी अँड ई या कंपनीची 30 इंची गॅसवाहिनी फुटली, 8 जणांचा मृत्यू झाला आणि 38 घरे नष्ट झाली. कंपनीच्या संगणकीय नकाशात 1956 मध्ये टाकलेला तो तुकडा बिनजोड नळीचा म्हणून नोंदलेला होता. प्रत्यक्षात त्याला लांबीच्या दिशेने वेल्डिंगचा सांधा होता आणि काही ठिकाणी तो सांधा पूर्ण भरलेलाही नव्हता. चुकीच्या नोंदीचा माग तपासकर्त्यांनी काढला, तो जमाखर्चाच्या व्हाउचरवरील साहित्याच्या संकेतांकापर्यंत गेला. पुढे कंपनीला एका भल्यामोठ्या सभागृहात जुन्या कागदांचे खोके आणून नोंदी तपासत बसावे लागले आणि 2015 मध्ये राज्याच्या नियामकाने 1.6 अब्ज डॉलरचा दंड केला.

यातून दोन्ही पक्षांची अडचण होते असे मला वाटते. नोंद केंद्रीय होती, नीटनेटकी होती आणि खोटी होती. म्हणजे धागाकर्त्याचा कक्ष तिथे काही वाचवू शकला नसता. पण नळी जमिनीखाली होती, म्हणून ‘जो जागेवर आहे त्याला खरे माहीत असते’ हे म्हणणेही तिथे लागू पडत नाही. मला महत्त्वाचे वाटते ते असे, की प्रत्येक नोंदीसोबत ती कशावरून घेतली हे लिहिलेले असावे: प्रत्यक्ष पाहून, उत्पादकाच्या प्रमाणपत्रावरून, जुन्या वहीवरून की अंदाजाने. ‘माहिती नाही’ हे अधिकृत उत्तर असले पाहिजे आणि ते दिल्यावर व्यवस्थेने सावध गृहीतक धरले पाहिजे. अमेरिकेच्या गॅसवाहिनी नियमांत, पोलादाची ताकद माहीत नसेल तर ती चौरस इंचाला 24,000 पौंडच धरावी, अशी तरतूद आहे. अज्ञान कबूल केले की दाब कमी ठेवावा लागतो, उत्पन्न घटते. म्हणूनच ते कबूल करायला कोणी धजावत नाही.

प्रतिसाद: ताळेबंद

जमाखर्चाच्या बाजूने एक मुद्दा. वितरण रोहित्रावर नियामक साधारण 5.28 टक्के दराने घसारा मान्य करतो आणि भांडवलावर परतावाही देतो. हे दोन्ही वीजदरात येते. जळून भंगारात गेलेले रोहित्र मालमत्ता नोंदवहीतून वजा झाले नाही, तर नसलेल्या यंत्राचे पैसे ग्राहक भरत राहतो. कंपनीची नोंदवही संख्या आणि ठिकाण यांसह पूर्ण आहे का, यावर 2020 च्या लेखापरीक्षण आदेशानुसार लेखापरीक्षकाला मत द्यावे लागते. इथे शाखेच्या मर्जीवर सोडून कसे चालेल?

प्रतिसाद: उपकेंद्र

वाहिनी यांची ‘कशावरून’ नोंदवण्याची सूचना मला पूर्ण मान्य आहे. परंतु खांबावरचा यांच्या मोबाईलवर माझा विश्वास बसत नाही, कारण शाखेचे मूल्यमापन वसुलीवर होते, नोंदींवर नाही. म्हणून मी असे सुचवतो, की जुन्या रोहित्राचा अनुक्रमांक दिल्याशिवाय भांडारातून नवे रोहित्र देऊच नये. मग नोंद आपोआप होईल.

प्रतिसाद: खांबावरचा

आणि जळालेल्या रोहित्राची नेमप्लेट चोरीला गेली असेल, किंवा गंजून वाचता येत नसेल, तर? त्या रात्री ट्रॅक्टरवाल्यांना परत पाठवायचे की एखादा अनुक्रमांक तयार करायचा, ते आपल्या परिपत्रकात आधी लिहा. तुमच्या अटीत ‘वाचता येत नाही’ हे उत्तर आणि त्यासोबत एक छायाचित्र चालणार असेल, तर माझा विरोध नाही.