मी गप्प बसते, आणि आईला वाटतं मी धर्म सोडला

नगरची_लेक

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबडा आहे, सांभाळून घ्या.

मी मूळची नगरची (आता अहिल्यानगर, पण जीभ वळत नाही). चार पिढ्यांचं ख्रिस्ती घर. आमच्याकडे प्रार्थना म्हणजे पेटी, ढोलकी आणि आजोबांचा फुटका आवाज. ना. वा. टिळकांची पदं मला पाढ्यांच्या आधी पाठ झाली. सतराव्या वर्षी एका शिबिरात उपदेशकाने सांगितलं, बाप्तिस्मा न घेतलेले सगळे नरकात जाणार. माझ्या कांजिण्यांत पंधरा दिवस उशाशी बसलेल्या शेजारच्या काकू त्याच महिन्यात गेल्या होत्या. मी उठून बाहेर नळापाशी जाऊन उभी राहिले. त्यानंतर बारा वर्षं चर्चला गेले खरी, पण नुसती देहाने.

पुढे नवऱ्याच्या नोकरीपायी अमेरिकेत वूस्टरला आलो. घराजवळच्या चर्चवर इंद्रधनुषी झेंडा, पाळक बाई, आणि समलिंगी जोडप्यांची लग्नंही तिथेच लागतात. दुसऱ्या धर्माच्या माणसाला नरकात ढकलण्याची कुणाला घाई नाही. पंथाचं नाव युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट. नंतर कळलं, की १८३१ मध्ये नगरला मिशन थाटणारे पाद्री ज्या काँग्रिगेशनल मंडळ्यांतून आले, त्यातल्या बहुतेक मंडळ्या १९५७ साली याच पंथात मिसळल्या. म्हणजे माझ्या पणजोबांना बाप्तिस्मा देणाऱ्यांचीच ही नातवंडं! पणजोबा झेंडा बघून काय म्हणाले असते, कुणास ठाऊक.

दोन-तीन वर्षं फार बरं वाटलं. मग हळूहळू उपासना चांगल्या अग्रलेखासारखी वाटायला लागली. सगळं पटायचं, मान डोलायची आणि घरी येऊन कुकर लावायचा. देवाशी बोलणं राहूनच जायचं.

इथून अर्ध्या तासावर स्पेन्सर गावात ट्रॅपिस्ट (बहुतेक वेळ मौनात राहणाऱ्या कॅथलिक) साधूंचा मठ आहे, सेंट जोसेफ ॲबी. मी गेले होते जॅम आणायला, त्यांचा जॅम इकडे प्रसिद्ध आहे. पण तिथल्या मौनाने धरून ठेवलं. १९७० च्या दशकात तिथले मठाधिपती होते थॉमस कीटिंग. आसपासची तरुण पोरं बौद्ध ध्यान शिकायला धावतात, तसं काही आपल्या घरात नाही का, असं त्यांनी साधूंना विचारलं. विल्यम मेनिंगर नावाच्या साधूने चौदाव्या शतकातल्या एका निनावी इंग्रजी ग्रंथातून वाट काढली आणि शिकवायला लागला. तीच आज 'सेंटरिंग प्रेयर' म्हणून चालते. कृती सोपी. एक शब्द निवडायचा. डोळे मिटून वीस मिनिटं बसायचं. मन भरकटलं की ओढाताण न करता त्या शब्दाकडे परत यायचं. शेवटी दोन मिनिटं तसंच थांबायचं. दिवसातून दोनदा.

मी इंग्रजी शब्द घेऊन पाहिले, पण त्या शब्दांनी मला ऑफिसची आठवण यायची. एका सकाळी रेडिएटर ठोकल्यासारखा वाजत होता, डोक्यात टॅक्सचे कागद, आणि आपोआप 'माउली' आलं. टिळकांनी ख्रिस्ताला माउली म्हटलंय, तिथूनच आलं असणार. मग आजी आठवली, अंधारात चुलीपुढे भाकरी थापताना ओठ हलवणारी. मी खूप रडले. तेव्हापासून पाच वर्षं बसतेय.

आता मूळ दुखणं. माझी सकाळची सहाची वेळ म्हणजे आईची दुपार. मध्यंतरी तिचा फोन लेकाने उचलला नि म्हणाला, "आजी, मम्मा डोळे मिटून माउली माउली करतेय." झालं. आई म्हणाली, "माझ्या आजीला देवळाच्या पायरीला हात लावू दिला नाही, आणि तू आता त्यांचं ध्यान करतेस?" फोन ठेवला. दहा दिवस अबोला आहे.

वाद घालायचा नाहीये मला. तिला हे सांगू कसं? असं कुणाच्या घरात झालंय का?

वसईचा_म्हातारा

बाई, आम्ही कॅथलिक, त्यामुळे तुमच्यापेक्षा थोडं सोपं. संध्याकाळी अख्खं घर गुडघ्यावर, हातात माळ, त्रेपन्न वेळा तीच प्रार्थना. दहा-दहा मण्यांच्या तिसऱ्या फेरीपर्यंत शब्द मागे पडतात आणि नुसता सूर उरतो. तेही ध्यानच, पण आमच्या आईला तसं म्हटलं असतं तर तिने लाटणं उचललं असतं.

१९८० च्या सुमारास मी लोणावळ्याला फादर अँथनी डिमेलोंच्या साधनेला गेलो होतो. श्वासाकडे बघा, कानावर पडणारे आवाज ऐका, बस्स. परत आलो तर गावात चर्चा, हा योगी झाला. डिमेलो १९८७ मध्ये गेले, आणि १९९८ साली रोमने पत्रक काढलं की त्यांच्या काही लिखाणापासून सावध राहा. घरच्यांनी ते मला वाचून दाखवलं! मी वाद घातला नाही. आईबरोबर माळ म्हणत राहिलो आणि पहाटे एकटा बसत राहिलो. 'ध्यान' हा शब्द घरात काढूच नका, एवढंच सांगेन.

वचनात_स्थिर

ताई, रागावू नका. मत्तय १२ मध्ये झाडून रिकाम्या केलेल्या घराची गोष्ट आहे. आधीचा अशुद्ध आत्मा आणखी सात घेऊन परततो. मन रिकामं करणं धोक्याचं. शास्त्र वाचा, मनन करा, तेवढं पुरे.

नगरची_लेक

@वचनात_स्थिर, घर रिकामं नाहीये हो, तो शब्द आहे ना आत. आणि स्तोत्र ४६ मध्ये शांत व्हायला सांगणारा देवच आहे. असो, वाद नको म्हणाले होते.

ढोलकीवाला

मी राहुरीकडचा. आमचे पणजोबाही गावकुसाबाहेरून चर्चमध्ये आले. मला तुमच्या आईचं म्हणणं खोडावंसं वाटत नाही.

ख्रिस्ती ध्यानाची भारतातली मोठी नावं बघा. अभिषिक्तानंद फ्रेंच, बीड ग्रिफिथ्स इंग्रज. कावेरीकाठच्या शांतिवनम् आश्रमात भगवी कफनी आणि उपनिषदं. माणसं प्रामाणिक होती, त्यात शंका नाही. पण ज्यांच्या आजीला त्या उपनिषदांचा एक शब्दही ऐकू दिला नाही, त्यांनी ख्रिस्त त्याच वाटेने का शोधायचा? १९८१ साली बंगलोरच्या धर्मविद्यालयात अरविंद निर्मळांनी नेमका हाच मुद्दा मांडला. निर्मळ आपलेच, महाराष्ट्रातले. दलित ईश्वरविद्येची चर्चा तिथून पेटली. आम्हाला शतकानुशतकं गप्पच बसवलं होतं. चर्चमध्ये येऊन पहिल्यांदा मोठ्याने गायला मिळालं. आईला तुमचं गप्प बसणं टोचतं ते म्हणून.

दुसरी बाजूही सांगतो. 'माउली' कुणाच्या बापाची मालमत्ता नाही. चोखोबा देवळाबाहेर उभं राहून गात होते, ते काय पायरीवाल्यांचे होते? आणि टिळक कोकणस्थ ब्राह्मण असूनही १९१७ मध्ये साताऱ्यात 'देवाचा दरबार' काढून बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले एका पंगतीत बसवायला निघाले होते. तुमची पाळक बाई आत्ता जे करते, ते.

तर आईला शिकवायला जाऊ नका. तिलाच विचारा, आजी चुलीपुढे काय पुटपुटायची?

नगरची_लेक

@ढोलकीवाला, दोन दिवस तुमचं वाचून गप्प होते (यावेळी खरोखरची). 'गप्प बसवलं होतं' हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं, आणि मी स्वतःला फार पुढारलेली समजत होते.

काल फोन लावला. आधी आईने लेकाचा अभ्यास, माझं वजन, इकडचा बर्फ सगळं विचारून घेतलं. मग मी आजीचं काढलं. बराच वेळ काही बोलली नाही, मला वाटलं रेंज गेली. मग म्हणाली, "तिला कुठं वाचता येत होतं? पदं पण पाठ व्हायची नाहीत. एका भाकरीला एकदा 'बापा' म्हणायची. पंधरा भाकरी, पंधरा वेळा. कुणी मध्ये बोललं की चिडायची, मोजणं चुकतं म्हणून."

मी म्हटलं, आई, मी तेच करतेय.

ती म्हणाली, "तेच कसं? तिच्या भाकरी व्हायच्या."

शेवटी एवढं ठरलं, की रविवारी ती फोनवर माझ्याबरोबर बसेल. पण आधी एक पद म्हणायचं, मोठ्याने, आणि पाळकसाहेबांना यातलं काही सांगायचं नाही. मध्येच शब्द बदलू नये, हा यातला नियम मला माहीत आहे. तरी आज सकाळी सातव्या-आठव्या मिनिटाला 'माउली' सुटलं आणि मी 'बापा' मोजत बसले होते. अकरापर्यंत गेले, मग लेक उठला.