अनुभव धागा: सत्तरच्या दशकातले मागच्या रांगेतले हार्ड रॉक बँड आणि आपण

शिडीवर_बसलेला

परवा आईने माळा आवरायला लावला, पावसाच्या आधी दरवर्षी लावते, तर चकलीच्या जुन्या डब्यात कॅसेटी सापडल्या. त्यात एक टीडीकेची नव्वद मिनिटांची, वर दादाच्या किरट्या अक्षरात "बडगी / ग्राउंडहॉग्ज. पुसू नये." त्याखाली मी लहानपणी लिहिलेलं "कोण पुसतंय" पण शाबूत. तिथेच शिडीवर बसून राहिलो.

८५-८६ असेल. दादाच्या मित्राचा मामा बोटीवर, त्याने आणलेल्या दोन एलपी एका रविवारपुरत्या आमच्याकडे आल्या. रेकॉर्ड प्लेयर शेजारच्या काकांचा. जोडायची वायर कुणाकडेच नाही, मग टेपरेकॉर्डर पाटावर ठेवून त्याचा माइक स्पीकरच्या तोंडाशी. घरात सगळ्यांना बोलायची बंदी, फक्त आईला सांगायचं राहिलं. ब्रेडफॅन गाणं ज्यांनी ऐकलंय त्यांना माहितीय, सुरुवातीपासून रिफ सुसाट पळते आणि मधेच सगळं एकदम शांत होऊन गाणं हळू होतं. नेमकी तिथे कुकरची शिट्टी. मग लांबून बाबांचं "अरे हळू". मी ते गाणं पंधरा वर्षं असंच ऐकलं. पुढे सीडीवर ऐकलं तेव्हा काहीतरी गाळलंय असं वाटलं, आणि आजही फोनवर लावलं की त्या जागी कान शिट्टीची वाट बघतात.

बडगी नव्हे, बजी. हे मला २००३ साली कळलं. वेल्समधल्या कार्डिफचं त्रिकूट, बर्क शेली बास वाजवत गायचा, गिटारला टोनी बोर्ज, ड्रम्सला रे फिलिप्स. पहिला अल्बम १९७१ चा, निर्माता रॉजर बेन, ज्याने ब्लॅक सॅबथचे पहिले तीन अल्बम केले तोच. ब्रेडफॅन ७३ चं. आवाज मालगाडीचा आणि नाव पिंजऱ्यातल्या चिमुकल्या पोपटाचं.

तर लिहा तुमचे अनुभव. लेड झेपेलिन, डीप पर्पल, सॅबथ नकोत, त्यांच्या आरत्या रोजच चालू असतात. त्यांच्या मागे उभे राहून तेवढाच घाम गाळणारे पायजेत.

ता.क. कॅसेट प्लेयर चालत नाहीये, आतल्या बेल्टची काकवी झालीय.

खडूस_काकू

पहिली मी! पोळ्या झाल्या की लिहिते. कुकर कुठला होता?

डबलबास_पेडल

मी उलटा आलो भौ, मेटालिकाकडून. ९८ ला त्यांची गॅरेज इंक आली, हॉस्टेलवर एकाकडेच होती, त्यात ब्रेडफॅन आणि ते मेंदूच्या ऑपरेशनचा क्रॅश कोर्सवालं गाणं, दोन्ही बजीची. मला वर्षभर वाटत होतं मेटालिकाचीच आहेत. रूममेटने सांगितलं ही कव्हरं आहेत, म्हणजे दुसऱ्याची गाणी परत वाजवलेली, तर त्याच्याशी मेसच्या जेवणाची पैज लावली आणि हरलो, एक आठवडा माझी अंडाकरी तो खात होता. नंतर ओरिजिनल ऐकलं आणि वाटलं अंडाकरी गेली ते बरंच झालं.

वांद्रे_लोकल

कॅसेट तशीच लावू नका हं! आधी बघा रिळावर पांढरी बुरशी आहे का. असली तर हेडला चिकटते आणि मग दुसऱ्या कॅसेटीलाही लागते. माझ्या तीस गेल्या अशा. पेन्सिलीने एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे फिरवून घ्या.

शिडीवर_बसलेला

बुरशी नाही. चकलीचा वास मात्र आहे. काकू, कुकर हॉकिन्स.

पर्पलचा_चुलता

पर्पल नकोत म्हणालात पण पर्पलचे नातेवाईक चालतील ना? मी सगळे बँड त्या घराण्याच्या वंशावळीतूनच शोधले. ग्लेन ह्यूज पर्पलमध्ये ७३ ला गेला, त्याआधी कुठे होता तर ट्रॅपीझमध्ये, त्यांचा ७० सालचा मेडुसा ऐका, तिघंच जण पण भरगच्च, आणि त्या पोराचा आवाज म्हणजे काय सांगू. पर्पलचा पहिला बासवाला निक सिम्पर, त्याने वॉरहॉर्स काढला. आणि पहिला गायक रॉड इव्हान्स, तो आयर्न बटरफ्लायच्या दोघांना आणि जॉनी विंटरकडच्या बॉबी कॉल्डवेल ड्रमरला धरून कॅप्टन बियाँड. ७२ चा पहिला अल्बम. गाणी एकात एक ओवलेली, मधे गॅपच नाही, आणि ताल असे वाकडे की मी तबल्याची दुसरी परीक्षा दिलेला माणूस, समेवर हात टाकायला गेलो की सम पुढे निघून गेलेली. बायकोला वाटायचं मला मांडीवर मुंग्या चावतायत.

रॉड इव्हान्सचं पुढे वाईट झालं. १९८० ला कुणाच्या तरी नादाने डीप पर्पल नाव लावून खोटा बँड घेऊन फिरला, कोर्टात हरला, ६,७२,००० डॉलरची भरपाई लागली आणि जुन्या रॉयल्ट्यापण गेल्या. त्यानंतर गृहस्थ संगीतातून जो गेला तो गेलाच. असला आवाज आणि असा शेवट. चहा उतू गेला, येतो.

निमूटपणे

वाखूसा (वाचनखूण साठवली). कॅप्टन बियाँड आत्ता लावलंय ऑफिसात, बॉस म्हणाला ड्रिलिंग कुठे चालू आहे.

तारवट्याचो_पूत

आमच्या म्हापशाकडे घरटी एक तारवटी, म्हणजे बोटीवर काम करणारा, त्यामुळे बंदरातल्या एलपी आमच्याकडे चवीच्या सामानासारख्या यायच्या, चीज, चॉकलेट आणि रेकॉर्ड. पप्पांना इंग्रजी गाण्यातलं काय कळत नव्हतं, दुकानदार जे स्वस्तात देईल ते उचलायचे. एकदा कॅक्टस नावाच्या बँडचं आलं. १९७० चं. पहिलंच गाणं पार्चमन फार्म, मोझ अ‍ॅलिसनचं म्हणजे मुळात कसं निवांत ब्लूज, आणि ह्यांनी त्याला अशी चावी दिलीय की थांबायलाच तयार नाही. ड्रमवर कार्माइन अपीस. हा आणि टिम बोगर्ट दोघे व्हॅनिला फजवाले, त्यांना खरं तर जेफ बेकबरोबर बँड काढायचा होता पण बेकच्या गाडीला ६९ ला अपघात झाला म्हणून कॅक्टस झालं. कॅक्टस मोडल्यावर बेकबरोबर पण वाजवलं, पण मला तोपर्यंत इंटरेस्ट नव्हता.

मी चवथीला घुमट वाजवतो. एकदा आरतीला हात आपोआप पार्चमन फार्मच्या स्पीडवर गेला, पोरं पण पेटली, भटजींनी टाळ्या वाजवणं सोडलं आणि आजी म्हणाली देवाक खंय वचपाचें आसा? त्या वर्षी आमच्या वाड्यावर आरत्या सगळ्यात आधी संपल्या.

खडूस_काकू

देवाला कुठे जायचंय, हे आवडलं. आमच्याकडे अकरावी आरती झाली की सगळ्यांचाच कॅक्टस होतो.

हॉकिन्सच ना, वाटलंच मला. त्या शिट्टीला एक घसा असतो.

कटिंग_विदाउट_शुगर

+१ कुकर

मीरा_अबोली

धाग्यात ग्राउंडहॉग्ज बघून लिहावंसं वाटलं. त्यांचा अल्बम स्प्लिट, १९७१. त्याची पहिली बाजू म्हणजे एकच गोष्ट चार भागात, त्यांच्या टोनी मॅकफीला पॅनिकचा झटका आला होता त्यावर लिहिलेली. मला हे माहीत नव्हतं जेव्हा मी पहिल्यांदा ऐकलं. सीएचा तिसरा अटेम्प्ट, रात्री तीनला उठून बसायचे, छातीत धडधड, घरच्यांना वाटायचं अ‍ॅसिडिटी. भावाच्या कम्प्युटरवर हा अल्बम होता. ती गिटार मधेच तुटते, परत जुळते, वाटतं आता गेलं हातातून सगळं आणि तेवढ्यात तो ब्लूजचा ठेका खालून येऊन धरतो. डोकं थाऱ्यावर यायचं माझं. शांत संगीत ऐक, बासरी ऐक असं सगळे सांगायचे, बासरीने मला उलट जास्त घाबरायला व्हायचं.

मॅकफी २०२३ मध्ये गेला. ह्या माणसाने ६४ साली ब्लूजवाल्या जॉन ली हूकरला इंग्लंड दौऱ्यात साथ केली होती, बँडचं नावही हूकरच्याच गाण्यावरून. स्प्लिट तिकडच्या यादीत पाचव्या नंबरला गेला होता, म्हणजे तेव्हा काही तो अगदी अडगळीतला नव्हता, नंतर आपणच टाकला.

तिसऱ्या अटेम्प्टला पास झाले, तुम्ही विचारायच्या आत.

डबलबास_पेडल

मीराताई दंडवत. बासरीचं अगदी पटलं.

खडूस_काकू

अगं मीरा, मलाही होतं ते रात्री तीनचं. आत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

अर्थिंग_आहे_का

मी साउंडवाला, गणपतीत ऑर्केस्ट्रा आणि लग्नं. स्टोन द क्रोज कोणीच काढलं नाही म्हणून मी काढतो. ग्लासगोचा बँड, मॅगी बेल गायची, गळ्यात वाळू असल्यासारखा जबरी आवाज. गिटारला लेस हार्वी, अ‍ॅलेक्स हार्वीचा भाऊ. ३ मे १९७२ ला स्वान्झीला स्टेजवर त्याने माइकला हात लावला, माइकला अर्थिंग नव्हतं, शॉक लागून गेला. २७ वर्षांचा.

हे मी कुठे वाचलं नाही आधी, आधी अनुभवलं. एका मंडळाचा प्रोग्रॅम, पाऊस, मांडवाच्या बांबूवरून खेचलेली लाइट, गिटारवाल्या पोराने चेक चेक करत ओठ माइकला लावला आणि मागे उडाला. वाचला, ओठ काळानिळा. गिटारच्या तारा अ‍ॅम्पमधून अर्थ असतात आणि माइकच्या जाळीवर करंट आला तर मधला जोड म्हणजे आपण. एवढंच आहे ते. उस्ताद म्हणाले अरे असंच स्कॉटलंडचं एक पोरगं गेलं होतं, आणि मग त्यांनी मला तो बँड ऐकवला. तेव्हापासून मी टेस्टर खिशात ठेवून माइकच्या जाळीला आधी लावतो, मग हॅलो. आयोजक हसतात, हसू देत.

यार्डबर्ड्सचा कीथ रेल्फपण ७६ ला घरी गिटारच्याच शॉकने गेला. त्याचा शेवटचा बँड आर्मगेडॉन, एकच अल्बम, ७५ चा. पर्पलचे चुलते, ड्रमर ओळखा.

पर्पलचा_चुलता

बॉबी कॉल्डवेल! कॅप्टन बियाँडवाला! चहा पुसत होतो, जागेवरून ओरडलो.

वांद्रे_लोकल

अर्थिंगभाऊ, ते गीझरचं पण सांगा, आमच्याकडे नळाला हात लावला की झिणझिण येतं.

अर्थिंग_आहे_का

नळाला हात लावू नका हे सांगतो. मेन बंद करा, वायरमन बोलवा, आजच.

गिरगावचा_म्हातारा

७२ साली मी कॉलेजात होतो. कुलाब्याच्या स्लिप डिस्कमध्ये झेपेलिनचे प्लँट आणि पेज येऊन वाजवून गेले ते साल. माझ्या वयाचा जो कुणी भेटतो तो त्या रात्री तिथे होता. त्या हिशोबाने त्या रात्री अख्खं वानखेडे, जे तेव्हा बांधलंही नव्हतं, त्या खोलीत बसलं असणार. मी नव्हतो. मी सांगलीला मावसबहिणीच्या लग्नात पंगतीत भात वाढत होतो. अख्ख्या मुंबईत न गेलेला मी एकटाच.

तुमचे बँड आम्हाला ऐकायला मिळायचे ते आपल्याच पोरांच्या तोंडून. सिमला सिगरेटवाल्यांची स्पर्धा असायची, सिमला बीट, तिच्या ७० आणि ७१ च्या एलपीसुद्धा निघाल्या, त्यात शिलाँगपासून बंगलोरपर्यंतची पोरं. फझचा, म्हणजे गिटारच्या त्या फाटक्या आवाजाचा, नुसता धूर. पुढे मुंबईचा अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट, त्यांची रेकॉर्ड आता परदेशात परत छापतात म्हणे. तेव्हा चार आण्याला नको होती कुणाला. गुडघा दुखतोय, उरलेलं उद्या.

निमूटपणे

काका भात वाढत होतो =)) =))

उद्याची वाट बघतोय.

तोक्यो_तळेगाव

इथे ट्रेनमधे आहे, पटकन. फ्लॉवर ट्रॅव्हलिन बँड, जपानी, अल्बम सातोरी, १९७१. कुणी ऐकलंय? हिदेकी इशिमाची गिटार ऐकून मला वाटलं कुणीतरी आपल्याकडचा राग सॅबथच्या अंगावर टाकलाय. जुन्या रेकॉर्डच्या दुकानात लावलं होतं, म्हाताऱ्या मालकाला मोडक्या जपानीत विचारलं हे कोण, तर तो माझा देश विचारून एकदम खूश, आणि जाताना बिलावर दोन बोटं ठेवून वाकला. दोनशे येन कमी केले होते. स्टेशन आलं

कटिंग_विदाउट_शुगर

लीफ हाउंड बँडवर लिहायचं होतं पण मुलीला क्लासला सोडायचंय. थोडक्यात: १९७१, ग्रोअर्स ऑफ मशरूम, मूळ डेक्काची एलपी आता हजारो पौंडांना जाते, माझ्याकडे एमपीथ्री आहे, फुकट. तीच गाणी.

पर्पलचा_चुलता

एमपीथ्रीला तो वास नाही हो.

कटिंग_विदाउट_शुगर

चकलीचा?

शिडीवर_बसलेला

अपडेट. तपकीर गल्लीत तीन दुकानं फिरलो, चौथ्यात बेल्ट मिळाला, चाळीस रुपये. जुन्या बेल्टचा चिकटा स्पिरिट आणि कानकाडीने काढायला दोन तास, बोटं अजून काळी. नागपूरला दादाला फोन लावला, त्याला हल्ली कमी ऐकू येतं म्हणून व्हिडिओवर, फोन स्पीकरला टेकवला, तसाच, पाटावर.

ब्रेडफॅन सुरू झालं. टेप जरा ताणलीय, गाणं थोडं झोपेत वाटतं. मधला हळू भाग आला. शिट्टी. दादाला ऐकू आली, त्याने बोट वर केलं. बाबांचं "अरे हळू" पण आलं, बाबा जाऊन अकरा वर्षं झाली, त्यावर आम्ही तिघेही काही बोललो नाही.

मग आई आतून म्हणाली, ही एकच झाली, डाळ होती, तीन करायचे मी. बाकीच्या दोन कुठेत?

पुढच्या गाण्यात शोधतोय.

खडूस_काकू

शिट्टी उडाली असेल हो, गॅस बारीक केला असेल त्यांनी तुमचा आवाज ऐकून. आईंना विचारा.

आणि माझं राहिलंच, पोळ्या कधीच झाल्या. चिकन शॅक बँडमध्ये जी गाणारी बाई होती तीच पुढे फ्लीटवूड मॅकवाली क्रिस्टीन का?

पर्पलचा_चुलता

तीच. आधी क्रिस्टीन परफेक्ट, मग मॅकव्ही. बसा काकू, ह्याची वंशावळ मोठी आहे.

वांद्रे_लोकल

वायरमन येऊन गेला. अर्थिंगची वायर नव्हतीच.