मदत हवी आहे: परसबागा झाल्या, पण भाजी बाळाच्या वाटीत येत नाहीये

मंडळी, थोडं लांबलचक आहे पण वाचा प्लीज.

मी राहते वारज्यात, माहेर वेल्ह्याकडचं. माझी वहिनी तिथल्या वस्तीवर अंगणवाडी सेविका आहे. मागच्या जूनमध्ये आम्ही दोघींनी मिळून पंधरा-सोळा घरांमागे परसबागा करून दिल्या. बियाणं मी पुण्यातून नेलं, लाल भोपळा, घेवडा, मेथी, लाल माठ, आणि दर घरामागे एक शेवगा नि एक पपई. पालेभाज्या तिथल्या पावसात कुजल्या, त्या दिवाळीनंतर परत टाकल्या, मोरीचं पाणी वळवून वाफ्यात सोडलं आणि मग बाग इतकी सुंदर आली की काय सांगू.

पण जानेवारीत गेले आणि एकेका ओट्यावर बसून विचारलं की काल सकाळपासून बाळाला काय काय भरवलं, तर दोन वर्षांच्या आतल्या बहुतेक पोरांना तेच ते. भाताची पेज, वरणाचं वरचं पाणी, चहात बुडवलेलं बिस्कीट. भोपळा विकला गेला, माठ मोठ्यांच्या ताटात. मला फार वाईट वाटलं, कारण सगळी खटपट या पोरांसाठीच होती. सहा महिने ते दोन वर्षं हेच तर वय असतं. डब्ल्यूएचओचा साधा हिशोब आहे, आईचं दूध, धान्य, डाळी, दूधदुभतं, अंडी, मांस-मासे, केशरी फळभाज्या नि हिरवा पाला, बाकीच्या भाज्या-फळं, या आठांपैकी निदान पाच दिवसभरात पोटात जायला हवेत. आमच्याकडे कसेबसे तीन भरले. आणि हे फक्त आमच्याच वस्तीचं नाही, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत या वयाच्या देशभरातल्या मुलांपैकी जेमतेम ११ टक्क्यांना पुरेसा आहार मिळत होता.

मला वाटतं अडचण बियाण्यात नाहीच. कृषी सहायक येतात ते पुरुषांशी भातपिकाचं बोलून जातात, आशाताई येतात त्या वजन आणि लसीचं बघतात, दोघंही मनापासून काम करतात पण एकमेकांना भेटतच नाहीत. आणि लावणीच्या दिवसांत आई सकाळी सातलाच शेतात, बाळ आजीकडे. आजी म्हणते पाला दिला की हिरवी शी होते, अंडं उष्ण पडतं. तिला आजवर कुणी बसून काही सांगितलेलंच नाही.

तर शेतीचं आणि आरोग्याचं हे काम एका जागी आणलंय का कोणी? आजींपर्यंत कसं पोचायचं? आणि एप्रिल-मेमध्ये टँकरवर गाव असतं तेव्हा बागेत काय टिकतं?

शिवारवाट:
ताई, वेगळी मीटिंग बोलवू नका, कोणी येत नाही. दर महिन्याला अंगणवाडीत गाव आरोग्य, स्वच्छता व पोषण दिवस असतो, त्या दिवशी बाळं येतात, आशा नि नर्सबाई पण असतात. कृषी सहायकांना तेव्हाच बोलवा आणि वस्तीतल्याच बागेतली भाजी तिथेच शिजवून तिथेच भरवा. ओडिशात केओंझर जिल्ह्यात १४८ गावसमूहांवर एक मोठा प्रयोग झाला होता, गावातल्याच बायकांचे शेतीचे आणि आहाराचे व्हिडिओ बनवून बचत गटात दाखवायचे आणि मग घरी जाऊन विचारपूस करायची. मुलांच्या खाण्यातली विविधता वाढली, पण रोडपणात मात्र फरक दिसला नाही. म्हणून एका हंगामात वजनं वाढतील अशी आशा धरू नका, वाटीत काय आलं ते मोजा. उन्हाळ्यात शेवगाच टिकतो, त्याचा पाला सावलीत वाळवून पूड करून ठेवा.

माईंचा डबा:
अगं, आजींना 'तुमचं चुकतं' असं म्हणूच नकोस, त्यांनाच रांधायला बसव. तुमच्याकडे नाचणी होतेच की. रात्रभर भिजवून, फडक्यात बांधून मोड आणायचे, सावलीत वाळवून हलकीच भाजून दळायची. मोडाच्या पिठाची खीर दाट होत नाही, म्हणून तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावतं, आणि बाळाचं पोट केवढंसं असतं! वरणाचं पाणी नको, घट्ट वरण दे, त्यात भोपळा कुस्करून वर चमचाभर तूप. पाल्यावर लिंबू पिळ, लोह अंगी लागतं. आणि हिरव्या शीला घाबरायचं नसतं हे नर्सबाईंच्या तोंडून वदव, आजी त्यांचं ऐकतात.

(धागाकर्ती):
माई, शिवारवाट, खूप खूप आभार! मीटिंगच बोलवायची असं माझ्या डोक्यात होतं, ते आता रद्द. वहिनीला लगेच फोन केला, पुढचं लसीकरण मंगळवारी आहे, नर्सबाईंशी ती उद्या बोलतेय. वस्तीतल्या सगळ्यात मोठ्या आजींना आम्ही चुलीशी बसवणार, त्यांच्या शब्दाला वजन आहे. नाचणी आज रात्रीच भिजत घालायला सांगितलीये. कृषी सहायक आले तर इथे कळवतेच.