डॉकरमधला डेटाबेस: आपापल्या मशीनवरचे अनुभव लिहा

आमच्या टीममध्ये नव्या माणसाला पहिल्या दिवशी पोस्टग्रेस हा डेटाबेस इन्स्टॉल करायला लावणं आम्ही बंद केलं आहे. तो आम्ही डॉकरनं चालवतो, म्हणजे लागणाऱ्या सगळ्या गोष्टींसह एका वेगळ्या डब्यात, कंटेनरमध्ये. रेपोमध्ये, म्हणजे कोडच्या सामायिक साठ्यात, काय सुरू करायचं ते डॉकरला सांगणारी एक कंपोज फाइल असते. त्यात इमेजची (ज्या तयार साच्यातून कंटेनर बनतो त्याची) आवृत्ती, पासवर्ड, पोर्ट (जोडणीचा क्रमांक) आणि नाव दिलेला एक व्हॉल्यूम (कंटेनरबाहेर डेटा ठेवायची जागा), एवढंच. 'डॉकर कंपोज अप' म्हटलं की डेटाबेस हजर. जुना प्रकल्प पोस्टग्रेस १३ वर आणि नवा १६ वर असला तरी दोन्ही एकाच लॅपटॉपवर नांदतात, फक्त दुसऱ्याला बाहेरून नेहमीच्या ५४३२ ऐवजी ५४३३ पोर्ट द्यायचा.

माझं मत ठाम आहे: कंटेनर कधीही फेकून देता आला पाहिजे, आणि त्यासाठी डेटा कुठे राहतो हे आधी ठरलेलं पाहिजे. 'डाउन' केल्यावर कंटेनर जातो, व्हॉल्यूम राहतो. त्यालाच 'व्ही' जोडलं की व्हॉल्यूमही जातो. या एका अक्षरातला फरक मी प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगतो.

तुमचे अनुभव लिहा. कमांडची यादी नको, ती सगळीकडे मिळते. काय अडलं, का अडलं आणि कसं सुटलं ते सांगा.

नाशिक, अभियांत्रिकी कॉलेजात शिकवते

प्रॅक्टिकलला हमखास दोन गोष्टी येतात. पहिली म्हणजे कंटेनर सुरू होतो आणि लगेच बंद पडतो. मुलं इमेज पुन्हा डाउनलोड करत बसतात. लॉग, म्हणजे कंटेनरनं लिहिलेल्या नोंदी, उघडला की स्वच्छ लिहिलेलं असतं की पासवर्ड दिलेला नाही. पोस्टग्रेसची अधिकृत इमेज पासवर्डशिवाय नवा डेटाबेस तयारच करत नाही. म्हणून माझ्या वर्गात नियम आहे, आधी लॉग वाचायचा, मग हात वर करायचा.

दुसरी जास्त शिकवण्यासारखी आहे. टेबलं तयार करणारी एसक्यूएल फाइल आपण इनिटडीबीच्या फोल्डरमध्ये ठेवतो. मुलं तिच्यात नवा कॉलम घालतात, कंटेनर रीस्टार्ट करतात आणि कॉलम काही दिसत नाही. त्या फाइली फक्त डेटा डिरेक्टरी रिकामी असेल तेव्हाच चालतात. मी मुद्दाम सगळ्यांना व्हॉल्यूम पुसायला लावते आणि पुन्हा सुरू करायला लावते. स्वतःच्या हातानं डेटा जाऊन परत आलेला पाहिला की मायग्रेशन (डेटा न पुसता टेबलांची रचना बदलणं) कशासाठी हवं, हे वेगळं सांगावं लागत नाही.

मुंबई, पेमेंटच्या क्षेत्रात

आमचा किस्सा घड्याळाचा. कंटेनरचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतं, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे. 'आजचे व्यवहार' दाखवणारी क्वेरी दिवसभर बरोबर उत्तर द्यायची, पण रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळात ती कालची तारीख धरायची. रात्री उशिरा काम करणाऱ्या एका सहकाऱ्याच्या हे लक्षात आलं.

कंटेनरला भारतीय वेळ लावून टाकू, असं काहींचं म्हणणं होतं. मी विरोध केला. आमचा खरा सर्व्हरही यूटीसीवरच आहे. लोकल घड्याळ बदललं असतं तर चूक इथे झाकली गेली असती आणि ग्राहकासमोर उघडी पडली असती. आम्ही कॉलम टाइमझोनसहित केले आणि क्वेरीत 'आशिया/कोलकाता' स्पष्ट लिहिलं. लोकल मशीन सर्व्हरसारखंच ठेवण्याचा फायदा हाच.

कोल्हापूर, ग्रंथालयाच्या सूचीचं काम

मुंबईकर दादांचा मुद्दा आम्हाला वेगळ्याच ठिकाणी पटला. सभासदांची यादी आडनावानुसार लावायची होती. लॅपटॉपवर अल्पाइन या छोट्या लिनक्सवरची हलकी इमेज होती, सर्व्हरवर डेबियन या दुसऱ्या लिनक्सवरची. एकच क्वेरी, दोन वेगळे क्रम.

अल्पाइनमध्ये अक्षरं त्यांच्या युनिकोड क्रमांकानुसार, म्हणजे संगणकासाठी ठरलेल्या क्रमांकानुसार, लागत होती. युनिकोडमध्ये 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये येतो, म्हणून काळे, कावळे, कासार असा क्रम. आपल्या वर्णमालेत 'ळ' हा 'ह' नंतर, म्हणजे हवं होतं कावळे, कासार, काळे. क्षीरसागर तर कोल्हटकरांच्या मागे, 'क' मध्येच जाऊन बसले होते. ग्रंथपाल बाईंनी छापील यादी पाहताक्षणी हे दाखवलं.

उपाय पोस्टग्रेसमध्येच आहे. आयसीयू या भाषाविषयक लायब्ररीचं मराठी कोलेशन, म्हणजे अक्षरक्रमाचे नियम, क्वेरीत किंवा थेट कॉलमला लावायचं. मग 'ळ' जागेवर येतो, 'क्ष' आणि 'ज्ञ' शेवटी जातात. आम्ही ते कॉलमलाच लावलं आणि दोन्हीकडे डेबियनचीच इमेज घेतली. एक गोष्ट आवर्जून सांगतो, अल्पाइनमध्ये तयार झालेला व्हॉल्यूम तसाच उचलून डेबियनच्या इमेजला जोडू नका. मजकुराचा क्रम बदलला की जुने इंडेक्स (शोधासाठीच्या सूची) चुकीचे ठरतात आणि असलेली नोंदही शोधून सापडत नाही. डंप, म्हणजे सगळ्या डेटाची बाहेर काढलेली प्रत, घेऊन नव्या जागी भरा.

मराठी मजकूर साठवणाऱ्या प्रत्येकानं पहिल्याच दिवशी 'ळ' ची चाचणी करावी, असं मला मनापासून वाटतं.

ठाणे, मोबाइल ॲप

एआरएम जातीची चिप असलेला एम१ मॅक घेतल्यावर मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या ५.७ ची इमेज मिळेना, कारण त्या आवृत्तीची एआरएमसाठीची अधिकृत इमेजच नाही. इंटेलची इमेज इम्युलेशननं (त्या चिपची नक्कल करून) चालते, पण संथ. ५.७ चा आधार ऑक्टोबर २०२३ मध्ये संपलाही, तेव्हा ८ वर जाणंच योग्य. त्यात यूटीएफ८एमबी४ ही अक्षरं साठवण्याची पद्धत मूळचीच असल्यानं मराठी आणि इमोजी दोन्ही नीट राहतात.

नागपूर, शासकीय प्रकल्पांची कंत्राटं

कंपोजमध्ये नुसतं ५४३२:५४३२ लिहिलं की तो पोर्ट मशीनच्या सगळ्या नेटवर्कवर उघडतो. लिनक्सवर यूएफडब्ल्यू या फायरवॉलनं बंद केलाय म्हणून निर्धास्त राहू नका, डॉकर आपले नियम त्याला वळसा घालून लावतो. त्या आकड्यांच्या आधी १२७.०.०.१: लिहा, मग तो फक्त तुमच्याच मशीनला दिसेल. आणि नागरिकांची खरी माहिती लॅपटॉपवर आणूच नका. नावं, मोबाइल, आधार बदलून तयार केलेला नमुना डेटा आम्ही वापरतो. त्याला वेळ लागतो, पण लोकांची माहिती ही आपली मालमत्ता नाही.

औंध, डेटा इंजिनिअर

धागाकर्त्यांच्या मुद्द्याला जोडून: इमेजपुढे 'लेटेस्ट' लिहू नका. पोस्टग्रेस १६ च्या व्हॉल्यूमवर १७ सुरू होत नाही, फाइली जुळत नाहीत असं सांगून थांबतो. जुन्या आवृत्तीतून डंप, नवा व्हॉल्यूम, मग भरणा. १८ च्या इमेजमध्ये तर व्हॉल्यूम जोडायची जागाच एक पायरी वर गेली आहे, जुनी ओळ तशीच चालणार नाही.

सोलापूर, घरून काम

माझ्या विंडोज लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे. डब्ल्यूएसएल२ (विंडोजमध्ये लिनक्स चालवणारी सोय, माझं डॉकर त्यावरच चालतं) मुळात निम्म्या मेमरीपर्यंत जाऊ शकतं, मग ब्राउझर आणि एडिटर रडतात. डब्ल्यूएसएलच्या कॉन्फिग फाइलमध्ये ३ जीबीची मर्यादा घातली आणि डेटा सी ड्राइव्हच्या फोल्डरऐवजी डॉकरच्या व्हॉल्यूममध्ये ठेवला. दुसऱ्या बदलानं वेग जास्त सुधारला.

नाशिकच्या ताईंना एक विचारायचं आहे: ॲप आणि डेटाबेस दोन्ही कंटेनरमध्ये असले की मुलं डेटाबेसच्या पत्त्यात 'लोकलहोस्ट', म्हणजे 'हेच मशीन', लिहितात का? तिथे कंपोजमधलं सर्व्हिसचं नाव लागतं.

नाशिक

हो, दर बॅचला! शिवाय ॲप डेटाबेसवर अवलंबून आहे असं सांगणारं 'डिपेंड्स ऑन' लिहिलं तरी ॲप आधी धावतं, कारण ते कंटेनर सुरू होण्याची वाट पाहतं, डेटाबेस तयार होण्याची नाही. डेटाबेस तयार आहे का ते विचारणारी 'पीजी इझरेडी'ची हेल्थचेक आणि 'सर्व्हिस हेल्दी'ची अट घातली की थांबतं. दोन्ही ओळी असलेली फाइल मी मुलांना देते, पण लॉग त्यांनीच वाचायचा.