मदत हवी आहे : इस्रायल, इराण, पॅलेस्टाईन आणि साध्या माणसांचे शांततेचे प्रयत्न

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आमच्या वाचनालयात या विषयावर बैठक आहे. करारमदार, शिखर परिषदा नकोत, ते ऐकून कान किटलेत.

हाताशी आहे ते असं. २०१२ साली युद्धाची भाषा ऐन भरात असताना रॉनी एड्री या इस्रायली डिझायनरने फेसबुकवर पोस्टर टाकलं. मुलीसोबतचा फोटो, तिच्या हातात इस्रायलचा झेंडा, आणि मजकूर असा की इराणी लोकहो, आम्ही तुमच्या देशावर कधीच बॉम्ब टाकणार नाही. इराणमधून उत्तरं आली. काहींनी फोटोत चेहरे झाकले होते. कारण उघड आहे, सरकारची भीती.

दुसरी पॅरेंट्स सर्कल ही संस्था, १९९५ पासूनची. घरचं माणूस संघर्षात गमावलेली इस्रायली आणि पॅलेस्टिनी कुटुंबं एकत्र येतात, शाळांत जाऊनही बोलत आली आहेत. मला हे जास्त वजनदार वाटतं. पोस्टर लाइक करायला काय लागतं! शिवाय ‘रोड टू रिकव्हरी’ या संस्थेचे इस्रायली स्वयंसेवक आपल्या गाडीतून पॅलेस्टिनी रुग्णांना चेकपॉइंटवरून इस्रायली इस्पितळात पोचवतात.

अडचण अशी, जून २०२५ मध्ये इस्रायल-इराण खरंच भिडले. ‘मग पोस्टरचं काय झालं?’ हा प्रश्न येणारच. तुम्ही काय उत्तर द्याल?

यावर मराठीत काही चांगलं वाचलंय का? इस्रायलमधल्या अश्दोद, दिमोनाकडच्या बेने इस्रायली (मूळच्या महाराष्ट्रातल्या ज्यू) मंडळींपैकी कुणी अर्धा तास ऑनलाइन मराठीत बोलेल का? पॅलेस्टिनी बाजूचा थेट अनुभव असलेलं कुणी सुचवलंत तर फारच बरं, नाहीतर बैठक एकांगी होईल.