हस्तलिखितांतील चित्रे: निरक्षरांसाठी की पाठांतरासाठी?

अंत्रुजवासी:
फोंड्याच्या आमच्या वाचकमंडळात युरोपातील मध्ययुगीन सचित्र हस्तलिखितांवर मला बोलायचे आहे. चित्र हे निरक्षरांचे वाचन, असे पोप पहिला ग्रेगरी याने इ. स. ६०० च्या सुमारास मार्सेयच्या बिशपला कळवले होते, हे सर्वत्र वाचायला मिळते. तसे असेल, तर लॅटिन जाणणाऱ्यांखेरीज जी पुस्तके कोणी उघडत नसे, त्यांत इतकी चित्रे कशासाठी?

मांडवीतीर:
ते पत्र पुस्तकांविषयी नाहीच. त्या बिशपने चर्चमधील प्रतिमा फोडल्या, म्हणून ग्रेगरीने त्याला सुनावले. अक्षर न येणाऱ्यांनी निदान भिंतींवर पाहून वाचावे, एवढाच त्याचा मुद्दा होता. ग्रंथांचे तसे नाही, कारण मठवासीयांना स्तोत्रे मुखोद्गत असावी लागत. पॅरिसच्या सेंट व्हिक्टर मठातील ह्यू याने बाराव्या शतकात विद्यार्थ्यांना बजावले होते, की पाठांतर नेहमी एकाच प्रतीवरून करावे आणि अक्षरांचा रंग, आकार व पानावरील जागा मजकुराबरोबरच मनात ठसवावी. नवव्या शतकातील उट्रेख्टची स्तोत्रसंहिता अवश्य दाखवा. ‘प्रभो, तू का झोपला आहेस?’ या अर्थाच्या ओळीसाठी चित्रकाराने देवाला चक्क पलंगावर निजवले आहे. ते पाहिल्यावर ओळ विसरणे कठीण. विचित्र प्रतिमाच टिकते, हे रोमन वक्तृत्वशास्त्राने आधीच सांगून ठेवले होते.

डिचोलीचा वाचक:
मान्य, परंतु प्रत्येक चित्राला स्मरणाच्या खुंटीला टांगू नये. चौदाव्या शतकातील लट्रेल स्तोत्रसंहितेत ग्रंथ करवून घेणारा जमीनदार स्वतःच चिलखत घालून घोड्यावर विराजमान आहे, आणि वर ‘जेफ्री लट्रेल याने मला करवून घेतले’ अशी, जणू ग्रंथच बोलत असल्यासारखी, नोंद. हा निव्वळ थाट आहे.

सत्तरीकर:
नीतिशिक्षणासाठी दुर्गुणवृक्षाची चित्रे घ्यावीत. मुळाशी अहंकार आणि त्यातून फुटलेल्या फांद्यांवर मत्सर, क्रोध, लोभ इत्यादी, अशी मांडणी असल्याने एका पापावरून दुसऱ्याकडे मन आपोआप सरकते आणि उपदेशकाला प्रवचनाचा क्रमही मिळतो. याच्या शेजारी जैन पोथ्यांतील लेश्यावृक्ष (लेश्या म्हणजे माणसाच्या वृत्तीचा रंग) ठेवून पाहा. जांभळाच्या झाडापाशी सहा भुकेले पुरुष आहेत: एकाला झाड मुळासकट तोडायचे आहे, पुढच्यांची हाव पायरीपायरीने कमी होत जाते आणि सहावा फक्त गळून पडलेली फळे वेचतो, वृत्तींचे रंगही काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ठरलेले. युरोपीय चित्रात झाडच पापाचे आहे, येथे मात्र झाड निर्दोष असून परीक्षा माणसांची आहे, आणि चर्चेला खरा रंग या फरकावरच चढेल, असे मला वाटते.