मदत हवी आहे: नवा पीएस५, पण टीव्हीवर ६० हर्ट्झच

मंडळी, काल अखेर पीएस५ (सोनीचा प्लेस्टेशन ५ गेमिंग कन्सोल) घरी आला! खोक्याचं झाकण उघडताना हात अक्षरशः थरथरत होते. आधीपासून आत असलेला अ‍ॅस्ट्रोज प्लेरूम हा गेम लावला आणि रात्रीचे दोन कधी वाजले कळलंच नाही. वाळूत चाललं की कंट्रोलर तळहाताला बारीक करकरतो, धातूवर टकटक लागते. स्प्रिंग दाबायची वेळ आली की आर२ बटण बोटाला चक्क विरोध करतं. हे मी सगळ्यांच्या हातात देऊन दाखवलं, आई तर कंट्रोलर सोडायलाच तयार नव्हती.

आता अडचण. टीव्ही १२० हर्ट्झचा (म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारा) आहे, तरी कन्सोलच्या व्हिडिओ आउटपुटच्या माहितीत २१६०पी (म्हणजे ४के), ६० हर्ट्झच दिसतं. १२० हर्ट्झची सेटिंग ‘ऑटोमॅटिक’वर आहे, परफॉर्मन्स मोड (चित्राच्या बारकाव्यापेक्षा वेगाला प्राधान्य) लावलाय, केबलही सोबत आलेलीच. एचडीएमआय (कन्सोल टीव्हीला जोडायचं पोर्ट आणि केबल) २.० मधून ४के ला ६०च्या वर जाता येत नाही, त्यासाठी २.१ लागतं, एवढं ठाऊक आहे. टीव्हीच्या चारपैकी नेमकं कोणतं पोर्ट २.१ आहे हे कसं ओळखायचं? की टीव्हीत त्या पोर्टसाठी वेगळं काही चालू करावं लागतं? कुणी केलं असेल तर पायरी-पायरीने सांगा ना, प्लीज. आज रात्री पुन्हा बसणार आहे.